सहा महिन्यांनी फोन कोण उचलणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली 14 वर्षं मी एका लहान सेवाभावी संस्थेचं कार्यालय सांभाळते. पावतीपुस्तकं, देणगीदारांची यादी, लेखापरीक्षकांना द्यायचे कागद, अनुदानाचे अहवाल, असं सगळं आम्ही दोघीजणी बघतो. कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांनी आपलं व्यावसायिक कौशल्य अशा संस्थांना विनामूल्य द्यावं, यावर हल्ली बरंच लिहिलं-बोललं जातं. पण बोलणारे बहुतेक देणाऱ्यांच्या बाजूचे असतात. घेणाऱ्याच्या टेबलावरून काय दिसतं ते सांगावं, म्हणून हे पत्र.

आधी एक स्पष्ट सांगते. ही मदत आम्हाला हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. भिंती रंगवायला, झाडं लावायला माणसं मिळतात. पण करारातली अडचणीची अट ओळखणारा वकील किंवा पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक नीट बसवून देणारा हिशेबनीस पगार देऊन ठेवणं आम्हाला परवडत नाही. देणगीदार मुलांच्या वह्यांसाठी आनंदाने पैसे देतात. हिशेबाच्या व्यवस्थेसाठी द्या म्हटलं की हात आखडतो. त्यामुळे संस्थेचा सगळ्यात कच्चा भाग नेमका तिचं कार्यालय असतो, आणि कंपनीतला माणूस नेमका तिथेच उपयोगी पडू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीतली आठ-नऊ तरुण मुलंमुली शनिवार-रविवार आमच्याकडे आली. देणगीदारांची नोंद संगणकावर घेणारी प्रणाली त्यांनी दोन दिवसांत उभी केली. मुलं हुशार होती, कष्टाळू होती, रविवारी रात्री नऊपर्यंत मान वर न करता बसली होती. आमच्या एक जुन्या देणगीदार आजी दरवर्षी तीन पावत्या घेतात: एक स्वतःच्या नावाने, एक दिवंगत यजमानांच्या स्मरणार्थ आणि एक नातवाच्या नावाने. फोन नंबर तिन्हींना एकच. नवी प्रणाली एका नंबरला एकच देणगीदार धरत होती. तिसरी नोंद केली की पहिली दोन नावं पुसली जायची. हे कळलं वर्षअखेरीला मेळ घालताना, तोवर असे कितीतरी जण निघाले. मग शोधाशोध सुरू झाली. मुलांपैकी एकाने नोकरी बदललेली, दुसरा दुसऱ्या विभागात गेलेला, आणि मुख्य पासवर्ड ज्याच्या नावावर होता त्याचा पत्ता लागेना. आम्ही पुन्हा जाड नोंदवहीकडे वळलो.

त्या मुलांना मी दोष देत नाही. देणगीदार म्हणजे नक्की कोण, हे त्यांनी विचारलं नाही, पण मीही सांगितलं नाही. यादी हातात दिली आणि माझ्या कामाला लागले. त्या वेळी मला वाटलं, ती जाणकार माणसं आहेत, आपण काय सांगणार.

पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या वित्त विभागातल्या बाई आल्या. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच, सलग तीन महिने. त्यांच्या वरिष्ठांनी हे दोन तास कामाचेच धरले होते. पहिले दोन बुधवार त्यांनी कशालाही हात लावला नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढून नुसत्या बघत बसल्या. तिसऱ्या बुधवारी विचारलं, "ताई, पावती फाडली की तुम्ही आधी कुठे लिहिता?" मी दाखवलं. मग म्हणाल्या, "आणि चेक वटल्यावर?" तिथे गाठ सापडली. मी चेक हातात आल्याच्या तारखेला जमा लिहीत होते, बँक वटल्याच्या तारखेला. वर्षअखेरीचा जो फरक शोधण्यात माझे आठ-आठ दिवस जायचे, तो मुख्यतः या एका रकान्यात होता. त्यांनी कुठलीही नवी प्रणाली आणली नाही. साध्या तक्त्यात एक रकाना वाढवला. शेवटच्या तीन बुधवारी त्या हात मागे घेऊन बसल्या आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. जाताना दोन पानांचं टिपण ठेवलं, मी बोलते त्याच शब्दांत लिहिलेलं. नंतर आलेली माझी सहकारी त्या दोन पानांवरून काम शिकली.

दोन्ही वेळचा फरक हुशारीचा नव्हता, वेळ कसा दिला याचा होता. आणि ही काही माझ्या एकटीची समजूत नाही. वकिलीच्या व्यवसायात 'प्रो बोनो' म्हणजे लोकहितासाठी विनामूल्य काम करण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमांत तर प्रत्येक वकिलाने वर्षाला निदान 50 तास अशा कामाला द्यावेत, अशी अपेक्षा लिहिलेली आहे. हाच विचार जाहिरात, मनुष्यबळ, तंत्रज्ञान या क्षेत्रांत नेण्यासाठी 2001 मध्ये अमेरिकेत टॅपरूट फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. आयबीएम या संगणक कंपनीने 2008 मध्ये अशाच कामासाठी कर्मचाऱ्यांची छोटी पथकं दुसऱ्या देशांत पाठवायला सुरुवात केली. प्रत्यक्ष तिथलं काम साधारण महिनाभराचं, पण त्याआधीची तयारी काही महिन्यांची. टाटा समूहाच्या 'प्रोएंगेज' या स्वयंसेवेच्या उपक्रमात कर्मचारी आपली नोकरी सांभाळून काही महिने एकाच संस्थेच्या एकाच कामाला धरून राहतात. ज्यांनी हे गांभीर्याने केलं, त्यांनी दोन दिवसांत उरकायचा प्रयत्न केला नाही.

म्हणून कंपन्यांना माझी विनंती आहे की सुट्टीचा दिवस मागू नका, कामाच्या वेळेतले तास द्या. सुट्टीच्या दिवशी तुमचा माणूस थकलेला असतो आणि आमच्याकडे ज्याला विचारायचं तो माणूस घरी असतो. वर्षाला इतके हजार तास दिले, असं अहवालात छापण्याआधी सहा महिन्यांनी एक फोन करा आणि विचारा, आम्ही करून दिलेलं तुम्ही अजून वापरता का. तो आकडा छापा, तो लहान असला तरी छापा. आणखी एक, माहितीच्या सुरक्षेचं. मुलांची, रुग्णांची नावं असलेल्या याद्या स्वयंसेवकांच्या खासगी लॅपटॉपवर जाता कामा नयेत. याबद्दल कंपनीत जे नियम असतात तेच आमच्याकडेही पाळा.

संस्थांनाही थोडं सांगायचं आहे, कारण चूक आमचीही असते. मोठी कंपनी दारात आली की आपल्याला नाही म्हणवत नाही. गरज नसलेली वेबसाइट आपण करून घेतो, कारण वेबसाइट करणारी माणसं आली होती. त्याऐवजी एका कागदावर आपली अडचण लिहून ठेवावी: काय अडतं, कुणाचं अडतं, आठवड्याला किती वेळ जातो. आलेल्या माणसाला आधी तो कागद द्यावा. आणि आपल्यातलं एक माणूस त्याच्यासोबत पूर्ण वेळ बसेल, हे आधीच ठरवावं. स्वयंसेवक फुकट येतो, पण त्याला शिकवायला लागणारे माझे तास फुकट नसतात. ते मुलांच्या कामातून जातात. हे विश्वस्तांना पटवायला मला वेळ लागला.

गेल्या महिन्यात एका कंपनीतून फोन आला. 20 जण एका शनिवारी यायला तयार होते. मी नम्रपणे विचारलं, सहा महिन्यांनी काही अडलं तर फोन कोण उचलेल? फोनवरच्या बाई म्हणाल्या, विचारून कळवते. काल त्यांचा फोन आला. एकच जण येणार आहेत, विधी विभागातले, दर गुरुवारी, चार महिने. आमच्या करारांची फाइल मी आजच कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे.

आपली,
एक नियमित वाचक