मधमाशीपालनाच्या हत्यारांच्या संचातील दोषांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष पटाशी व स्मोकर बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीने नवशिक्या मधपाळांसाठी विक्रीस आणलेला पटाशी (पेटीचे झाकण व चौकटी सुट्या करण्याची पोलादी पट्टी), स्मोकर (भात्याने धूर सोडणारा डबा) आणि ब्रश यांचा संच मी विकत घेतला. संचातील दोन हत्यारे कामाच्या वेळी निकामी ठरल्याने ही लेखी तक्रार करीत आहे. पावतीची प्रत व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

माझी मुख्य तक्रार पटाशीबद्दल आहे. मधमाश्या पेटीतील प्रत्येक फट राळेने आणि मेणाने बुजवतात. ही राळ उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते, त्यामुळे झाकण असो वा पोळे असलेली चौकट, ती तरफेसारखा जोर लावूनच सुटी करावी लागते. आपली पटाशी पहिल्याच चौकटीला जोर देताना मधोमध वाकली. वेष्टनावर ‘टणक पोलाद’ असे छापले असले तरी ती सहज वाकते आणि हाताने सरळही करता येते. तिच्या दुसऱ्या टोकाचा आकडा इतका जाड आहे की तो चौकटीच्या कानाखाली, म्हणजे पेटीच्या कडेवर टेकणाऱ्या तिच्या टोकाखाली, शिरतच नाही, म्हणजे ज्या कामासाठी आकडा दिला आहे तेच काम त्याने होत नाही. पटाशी वाकल्यावर चौकट हळूहळू न सुटता हिसक्याने सुटते, पेटीला धक्का बसून माश्या चिडतात आणि त्या गडबडीत राणीमाशी चिरडण्याचा धोका असतो. राणी गेली तर वसाहतीचे काय होते, हे आपल्या कंपनीला मी सांगण्याची गरज नसावी.

अशा वेळी आधार असतो तो स्मोकरचा, आणि तोही नेमका तेव्हाच विझला. माशीने डंख मारताच सुटणारा इशाऱ्याचा गंध इतर माश्यांनाही डंख मारण्यास उद्युक्त करतो; धुरामुळे तो गंध झाकला जातो आणि माश्या मध पिण्याकडे वळतात. म्हणूनच पेटी उघडी असेपर्यंत स्मोकर धुमसत राहावा लागतो. आपल्या स्मोकरच्या डब्यात तळाशी असावी लागणारी भोकांची जाळी मुळात बसवलेलीच नाही. त्यामुळे निखारे आणि राख थेट तळाशी साचून भात्याकडून येणारे हवेचे छिद्र बुजते आणि कितीही भाता दाबला तरी धूर येत नाही. माहितीपत्रकातील चित्रात मात्र ही जाळी स्पष्ट दाखवली आहे.

ब्रशबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे केस मऊ आहेत आणि माश्या अलगद बाजूला होतात.

त्याच माहितीपत्रकात ‘माश्या शांत होईपर्यंत दारातून सतत धूर द्यावा’ अशी सूचना आहे. ती चुकीची आणि हानिकारक आहे. प्रवेशद्वाराशी थंड, पांढऱ्या धुराचे दोन-तीन हलके झोत देऊन थोडे थांबणे पुरेसे असते. धुराचा अतिरेक झाल्यास माश्या सैरावैरा होतात आणि गरम धुराने त्यांचे पंख होरपळू शकतात. ज्याला अजून अनुभव नाही तो ग्राहक छापील मजकुरावरच विसंबतो, म्हणून ही चूक मला हत्यारांच्या दोषांइतकीच गंभीर वाटते.

याबाबत दूरध्वनीवर विचारणा केली असता ‘वापराने पटाशी थोडी वाकणारच’ असे उत्तर मिळाले. जोर लावण्यासाठीच बनवलेल्या हत्याराबाबत हे उत्तर स्वीकारता येत नाही.

तरी कृपया पाणी देऊन टणक केलेल्या पोलादाची, पातळ आकड्याची पटाशी आणि स्मोकरची जाळी हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत विनामूल्य पाठवावी; ते शक्य नसल्यास संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. माहितीपत्रकातील सूचना दुरुस्त केल्याचेही लेखी कळवावे.

कळावे,

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, वाकलेल्या पटाशीची व स्मोकरच्या डब्याची छायाचित्रे