सोमर यांच्या माथी किती मारायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात डॉइचे टेलिकॉम या जर्मन टेलिफोन कंपनीचे माजी प्रमुख रॉन सोमर यांच्यावरचा लेख वाचला. लाखो छोट्या गुंतवणूकदारांना बुडवणारा माणूस, असा त्याचा एकूण सूर होता. जर्मनीतही बरीच वर्षं हेच ऐकू येत होतं, त्यामुळे लेखकाला दोष देत नाही. पण त्या काळात मी नोकरीनिमित्त बॉनला राहत होतो आणि थोडे शेअर माझ्याही नावावर होते. म्हणून हे पत्र.

सोमर यांचा जन्म १९४९चा, इस्रायलमधल्या हैफाचा. वाढले ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला गणितात डॉक्टरेट केली. मग निक्सडॉर्फ ही संगणक कंपनी आणि त्यानंतर सोनी: आधी जर्मनी, मग अमेरिका, शेवटी युरोप. टेलिफोन खात्याशी काडीचा संबंध नसलेला हा माणूस १९९५च्या मे महिन्यात टेलिकॉमचा प्रमुख झाला. कंपनी तरी कसली, त्याच वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत ते पोस्टखातंच होतं. दोन लाखांवर कर्मचारी, त्यातले निम्मेअधिक तहहयात सरकारी नोकर. आपल्याकडे टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेल्यांना निराळं वर्णन करून सांगायला नको. या खात्याला बाजारात उभं करायचं होतं, आणि मक्तेदारी १९९८ला संपणार होती.

नोव्हेंबर १९९६मध्ये शेअर विक्रीला आला, २८.५० मार्कला (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन) एक. तेव्हाचं वातावरण डोळ्यांसमोर आहे. सर्वसामान्य जर्मन माणूस पैसा बचत खात्यात ठेवणारा. शेअरबाजार म्हणजे त्याच्या लेखी जुगार. त्याला पटवायला टीव्हीवर मान्फ्रेड क्रुग हा घराघरांतला लाडका नट आणला. टेलिकॉम बाजारात चाललीय, मीही सोबत चाललोय, असं तो सांगायचा. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहायचे. त्यांनी बँकेतून आणलेला अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, सरकारच विकतंय म्हटल्यावर भीती कसली? मीही त्यांच्या पाठोपाठ अर्ज भरला.

मार्च २०००मध्ये भाव १०३.५० युरोपर्यंत गेला. मार्कातली मूळ किंमत युरोत १४.५७ होते, म्हणजे साडेतीन वर्षांत सातपट. जूनमध्ये तिसरी विक्री झाली, ६६.५० युरोला. पोस्टमन काकांनी पेन्शनची शिल्लक त्यात घातली.

इथेच, म्हणजे विक्रीचा पैसा कुणाला मिळाला याबाबत, लेखात मोठी गफलत आहे. १९९६चे पैसे कंपनीच्या तिजोरीत गेले होते. २०००च्या विक्रीत मात्र शेअर होते केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचे, पैसा गेला सरकारकडे. शेअर विकताना दिलेल्या माहितीपत्रकात काही चुकलं तर भरपाई देण्याची जोखीम मात्र राहिली कंपनीच्या गळ्यात. अमेरिकी गुंतवणूकदारांशी तडजोड करताना टेलिकॉमला १२ कोटी डॉलर मोजावे लागले. ती जोखीम कंपनीवर लादायला नको होती, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं. म्हणजे दुकान एकाचं, गल्ला दुसऱ्याचा.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने थ्रीजीच्या लहरींचा लिलाव केला आणि सहा कंपन्यांकडून मिळून सुमारे ५० अब्ज युरो काढले. त्यातले आठ अब्जांवर टेलिकॉमचे, म्हणजे जिचा सर्वांत मोठा भागधारक सरकारच होतं तिचे. छोट्या भागधारकांचाही पैसा त्या मोठ्या भागधारकाच्या खिशात गेला. अर्थमंत्री हान्स आयशेल यांनी तर यूएमटीएस (थ्रीजीचं तांत्रिक नाव) या अक्षरांचा जर्मनमध्ये अर्थ ‘सरकारी कर्ज फेडण्यासाठी अनपेक्षित जादा उत्पन्न’ असा लावून विनोद केला होता. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं, हे कबूल करतो.

सोमर निर्दोष होते असं मी म्हणत नाही. त्यांना मोठेपणाचा सोस होता. टेलिकॉम इटालियाशी विलीनीकरणाचा डाव फसला, त्या नादात फ्रेंच भागीदार दुखावले गेले. कर्ज ६० अब्ज युरोंच्या वर गेलं. जमिनी-इमारतींचं मूल्य पुस्तकात जास्त धरलेलं होतं, ते अब्जावधींनी खाली आणावं लागलं. भाव कोसळत असताना संचालकांचे पगार वाढले, हे तर अक्षम्यच. २००२च्या मेमध्ये कोलोनच्या वार्षिक सभेत त्यांच्यावर शिट्ट्यांचा वर्षाव झाला तो उगाच नाही.

तोवर निवडणूक सप्टेंबरवर येऊन ठेपली होती. भाव १४.५७च्याही खाली गेलेला, मतदार चिडलेले. १६ जुलैला सोमर यांना पद सोडावं लागलं. चॅन्सेलर श्रोडर यांचं सरकार पुन्हा निवडून आलं.

लेखात व्हॉइसस्ट्रीमच्या खरेदीला ‘वेडेपणा’ म्हटलंय. ही अमेरिकी मोबाइल कंपनी २००१मध्ये अवाच्या सवा किंमत देऊन घेतली, यात वाद नाही. तिचंच पुढे टी-मोबाइल यूएस झालं. टेलिकॉमचे तेव्हाचे प्रमुख रेने ओबरमान यांनी २०११मध्ये ती एटी अँड टीला ३९ अब्ज डॉलरला विकायला काढली होती. अमेरिकी सरकारने कोर्टात अडवलं म्हणून ती राहिली. आज टेलिकॉमची निम्म्याहून जास्त उलाढाल तिथूनच येते. वेडेपणाला असं फळ येतं तेव्हा त्याला काय म्हणायचं, ते मला ठाऊक नाही.

आणखी एक, लेखातून सुटलेलं: हेच सोमर पुढे काही वर्षं मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक होते.

गुंतवणूकदारांचे खटले फ्रँकफर्टला वीस वर्षांच्या आसपास चालले, सुमारे सोळा-सतरा हजार जणांचे. त्यांच्यासाठी २००५मध्ये जर्मनीला सामूहिक दाव्यांचा खास कायदा करावा लागला. मान्फ्रेड क्रुग यांनी २००७मध्ये जाहिरातीबद्दल लोकांची माफी मागितली. केएफडब्ल्यूच्या वतीने कोणी मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पोस्टमन काकांनी तिसऱ्या विक्रीतले शेअर २००२च्या उन्हाळ्यात विकून टाकले, दहा युरोच्या आसपास. माझे १९९६चे अजून तसेच आहेत.

आपला,
एक वाचक, पुणे