‘ताबेते मिते’ म्हणणाऱ्या काकूंना

काकू,

निकाल फोनवर सांगितला तेव्हा तुम्ही “हो का, छान झालं” म्हणालात आणि लगेच कढीलिंबाच्या कुंडीला पाणी घालतेस ना, विचारलंत. (घालते.) आभार मानायला लागलं की विषय बदलायची तुमची खोड मला माहीत आहे. म्हणून हे लिहून काढतेय आणि चारचौघांत ठेवतेय. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

जपानी भाषेची एन-४ परीक्षा सुटली. श्रवणात ६० पैकी ४१.

गेल्या वर्षी याच दिवसांत तो आकडा १७ होता. एकूण १८० पैकी १०२ पडले होते, पास व्हायला ९० पुरतात. पण श्रवणात वेगळे १९ लागतात. दोन गुणांनी गेली. त्याच संध्याकाळी तुमच्याकडे हळदीकुंकू. यायचं अजिबात मनात नव्हतं, पण एक जिना खाली राहणारी बाई आली नाही तर त्याचीच चर्चा झाली असती.

त्याआधी दीड वर्ष ज्या क्लासला जात होते त्याचं नाव घेत नाही. फी आगाऊ, पावती नंतर. मराठी शब्द तोंडातून निघाला की टेबलावरच्या डब्यात दहा रुपये. जपानी शिकायची ती इंग्रजीतूनच, असा तिथला दंडक. ‘ते मिरु’ या एका रचनेवर आमचे दोन रविवार गेले. फळ्यावर ‘ट्राय डूइंग समथिंग’ लिहिलं होतं, मी कार्डावर तेच उतरवून घेतलं आणि महिनाभर घोकलं. नापास झाल्याचं कळवलं तर सरांचा मेसेज आला: ‘चाळिशीकडे झुकल्यावर कान बसत नाही मॅडम, हौस म्हणून चालू ठेवा.’ पुढे गुलाबाचं फूल.

तर ती संध्याकाळ. बाकीच्या बायका गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत. डोळे का सुजलेत विचारलं नाहीत. माझ्या पर्समधून डोकावणारी कार्डांची गड्डी काढलीत, वर नेमकं तेच कार्ड होतं. वाचलंत, आत गेलात, तिळाच्या वड्यांची ताटली घेऊन आलात आणि माझ्यापुढे धरून म्हणालात, “ताबेते मिते.”

मी वडी उचलून तोंडात टाकली.

“काय म्हणाले मी?”

“खाऊन बघ म्हणालात.”

“मग?”

ताबेते, खाऊन. मिते, बघ. ‘मिरु’ म्हणजे बघणे, हे तर मला पहिल्या आठवड्यापासून येत होतं! आपण ‘बघ’ जिथे लावतो तिथेच ते लावतात, आणि मी दोन भाषांच्या मध्ये इंग्रजीचं स्टूल ठेवून त्यावर चढत बसले होते. तुम्ही कार्डावरची इंग्रजी ओळ खोडलीत आणि खाली शिसपेन्सिलीने लिहिलंत: खाऊन बघ. पेनने का नाही, तर “पुढे अजून कळेल तेव्हा बदलशील.” ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. कोपऱ्याला तुपाचा डाग आहे.

त्या रात्री मला झोप नव्हती. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. घरातून निघताना ते ‘इत्ते किमास’ म्हणतात, म्हणजे जाऊन येते. आणि आतून उत्तर येतं ‘इत्ते राश्शाइ’, जाऊन ये. माझी आजी दारात हेच म्हणायची हो.

पुढचं वर्ष कसं गेलं ते तुम्हाला माहीतच आहे. उरलेल्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली हीच पद्धत पुस्तकात मांडली होती, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, “त्याच्याकडे पेढ्यांचं खोकं नसेल.” फोनवरच्या आन्कीवरही, म्हणजे अशीच कार्डं दाखवणाऱ्या अ‍ॅपवरही, तुमचा राग नव्हता. त्या शब्दाचा अर्थच पाठांतर, एवढं सांगून तुम्ही कोथिंबीर निवडत राहिलात.

आणि ‘ओशिन’ ही जपानी मालिका! पंधरा-पंधरा मिनिटांचे २९७ भाग, आपण साठेकच पाहिले. टीव्हीच्या खालच्या कडेला जुन्या कालनिर्णयची घडी चिकटवलेली, सबटायटल दिसू नयेत म्हणून. तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात ती एवढीशी पोर कामाला जाते तेव्हा मला शब्द कळले नाहीत, तरी रडू आलं. तुम्ही म्हणालात, “रड, पण हे बोलणं उचलू नकोस. ही यामागाताकडची बोली. मालवणी शिकून पुणेरी पेपर लिहिल्यासारखं होईल.”

‘तोत्तोचान’ मराठीत मी शाळेत असताना वाचलं होतं. जपानी प्रत तुम्ही दिलीत, कांजीवर, म्हणजे त्यांच्या चित्राक्षरांवर, बारीक उच्चार छापलेली. त्यातले मुख्याध्यापक डब्यात ‘समुद्राचं काही आणि डोंगराचं काही’ आणायला सांगतात. तेव्हापासून मी ऑफिसातून आले की तुमचा जिन्यातला प्रश्न ठरलेला, आज उमि नो मोनो काय होतं? मी एकदा “शिओ” म्हणाले. मीठ. केवढ्या हसलात!

तुम्ही फी घेतली नाहीत, हे काही मोठं नाही. फुकट शिकवणारेही छळतात. कारखान्यांची मॅन्युअलं भाषांतरित करण्यात तुमचा जन्म गेला, आणि तरी माझ्यासमोर तुम्ही शब्दकोश उघडायचात, “हे मलाही बघावं लागेल” म्हणत. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याशेजारी असं बसणं मी फार कमी पाहिलंय. बँकेत नाही, दवाखान्यात नाही, क्लासात तर नाहीच.

डिसेंबरच्या पेपरात श्रवणाच्या वेळी एक बाई कुणाला तरी काम सांगताना ‘शितोइते’ म्हणाली. पुस्तकात ते ‘शिते ओइते’ असतं. माझ्या आजूबाजूला पेन्सिली थांबल्या. मला मात्र तुमचाच आवाज ऐकू आला: करून ठेव गं.

लेकीकडून केव्हा येताय? मामेभावाच्या लग्नाच्या तीस पत्रिका उरल्यात, चांगल्या जाड कागदाच्या. एन-३ साठी कापून ठेवते.