देवगिरीचे यादव आणि आपली भावकी

कसबा बावडा, कोल्हापूर

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

तात्यांनी तयार केलेला वंशावळीचा कच्चा मसुदा मिळाला. आपण खरोखरच देवगिरीच्या यादवांचे वंशज आहोत का आणि तसे छापून खंडोबाच्या देवळात लावावे का, असे तू विचारले आहेस. नुसते 'हो' म्हटले तर ते खोटे ठरेल आणि नुसते 'नाही' म्हटले तर तेही पुरते खरे ठरणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तात्यांना हे कशासाठी हवे आहे, ते आधी ध्यानात घे. शाळेत कुणाची कंपासपेटी हरवली की वर्गात पहिले दप्तर त्यांचे उघडले जाई आणि गावात चोरी झाली की रात्री पहिली थाप आपल्या आळीतल्या दारावर पडे. आपले मूळ गाव वारणेपलीकडे, इंग्रजी अमलातल्या वाळवा तालुक्यात. तिथे आपल्यासारख्या रामोशाच्या घरातल्या कर्त्या पुरुषाला पोलिसांपुढची हजेरी चुकत नसे. कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली, आणि तुझे पणजोबा बिऱ्हाड उचलून नदीच्या अलीकडे आले ते त्यानंतरच. अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ सालचा. तो रद्द व्हायला १९५२चा ऑगस्ट उजाडावा लागला. ज्या माणसाने हे सारे घरात ऐकले आणि स्वतः थोडेफार भोगले, त्याला आपल्या नावामागे एखादे सिंहासन असावेसे वाटले, तर त्याला कमी लेखू नकोस.

आता पुराव्याकडे वळू. तात्यांचा मुख्य आधार आपल्या जाधव आडनावाचा आहे. यादवाचे जाधव झाले हे अभ्यासक मानतात आणि जिजाऊंचे माहेर असलेले सिंदखेडचे जाधवही आपला वंश देवगिरीशी जोडत. रामोशांमध्ये जाधव आणि चव्हाण ही दोन प्रमुख कुळे असल्याचे कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात नोंदवले आहे. उमाजी नाईकांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेला तोच हा अधिकारी. तेव्हा हे आडनाव आपण काल-परवा कुणाचे पाहून उचलले, असे कुणालाही म्हणता येणार नाही. पण जाधव मराठ्यांत आहेत, महारांत आहेत, मांगांत आहेत, धनगरांत आहेत आणि बंजाऱ्यांतही आहेत. हे सगळे एका राजाची लेकरे असण्यापेक्षा, ज्या सरदाराच्या पदरी चाकरी केली, ज्याच्या गढीची राखण केली, त्याचे कुळनाव चाकरांच्या घरातही रुजले असणे मला अधिक संभवनीय वाटते. तसे असेल तर देवगिरीशी आपला संबंध रक्ताचा नसून इमानाचा ठरेल, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही.

दुसरा आधार हेळव्याच्या, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याच्या, चोपडीचा. तो सुगीनंतर आला तेव्हा मी त्याला ओसरीवर बसवून, चहा देऊन, ती चोपडी सावकाश पाहिली. खालच्या सहा पिढ्या वेगवेगळ्या शाईत आणि वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या आहेत. एका ठिकाणी नाव खोडून वर दत्तकाचे नाव घातले आहे, एका ठिकाणी शेताच्या वाटणीचा उल्लेख आहे. हा भाग मला विश्वासार्ह वाटतो, कारण त्यातील दोन नावे आपल्या जुन्या कागदांत जशीच्या तशी सापडतात. त्याच्या वरचा भाग मात्र एकाच हाताचा, एकाच शाईचा आणि एका बैठकीत उतरवलेला आहे, आणि तिथे आपल्या सहाव्या पूर्वजाचा बाप थेट रामदेवरायाच्या घरातला दाखवला आहे. रामदेवराय म्हणजेच रामचंद्रदेव यादव, त्याचे राज्य १२७१ ते १३११ आणि त्याचा जावई हरपाळदेव मारला गेला तो १३१७-१८च्या सुमारास. सहा पिढ्या मागे गेले तर आपण फार तर पेशवाईच्या अखेरीस पोहोचतो. मधली साडेचारशे-पाचशे वर्षे एका ओळीत ओलांडली आहेत. हेळव्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. यजमानाला जे ऐकायचे असते ते वर लिहिण्याची त्याच्या धंद्यात जुनी रीत आहे.

यादव इथे नव्हतेच, असेही नाही. सिंघणदेवाने १२१२च्या सुमारास पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचा मुलूख यादवांकडे आला. खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळात त्याचा शके ११३६चा शिलालेख आहे आणि त्यात देवाला गाव दान दिल्याची नोंद आहे. तू लहान असताना आपण तिथे गेलो होतो, पण तुझे सारे लक्ष कोरलेल्या हत्तींकडे होते. तो लेख सिंघणाच्या दानाचा पुरावा आहे. आपल्या कुळाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

थोडे गणितही कर. सातशे वर्षांत साधारण पंचवीस पिढ्या होतात. प्रत्येक पिढीला आई-बाप मिळून पूर्वज दुप्पट होतात, म्हणजे पंचविसाव्या पायरीवर ३,३५,५४,४३२ जागा भरतात. एवढी वेगवेगळी माणसे अर्थातच नसणार. तेच तेच पूर्वज अनेक जागी पुन्हा येणार. जातीबाहेर सोयरीक होत नसली तरी इतक्या गर्दीत कुठेतरी राजघराण्यातला एखादा माणूस शिरला असणे अशक्य नाही. पण मग तो आपल्या गल्लीतल्या निम्म्या घरांचाही पूर्वज ठरेल, आणि तात्यांना हवी असलेली बाप-लेकांची सरळ साखळी त्यातून सिद्ध होत नाही.

आणि संदीप, वंशावळ मागणारे लोक वंशावळ दाखवली म्हणून थांबत नाहीत, हे कोल्हापूरच्या माणसाला तरी सांगावे लागू नये. १६७४ साली राज्याभिषेकासाठी शिवछत्रपतींच्या घराण्याचे मूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडून दाखवावे लागले. सव्वादोनशे वर्षांनी त्याच गादीवरच्या शाहू महाराजांसाठी पंचगंगेवर वेदोक्तांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, कारण पुरोहितांच्या लेखी ते शूद्रच होते. ज्यांच्या हाती राज्य होते, त्यांचीही ही कथा. आपण रामदेवरायाचे नाव देवळात लावले म्हणून रात्री दारावर थाप देणारा हवालदार परत फिरला असता, असे मला वाटत नाही.

तुझ्या जात पडताळणीची फाईल आठव. २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा हवा होता म्हणून मी वाळव्याच्या शाळेतून तुझ्या आजोबांच्या दाखल्याचा उतारा आणि कोतवाल बुकातली मोडी नोंद काढली होती. त्या नोंदीत पणजोबांच्या नावापुढे 'रामोशी, राखण' एवढेच आहे. गावाची राखण करणारा, चोराचा माग शिवेपर्यंत काढून पुढच्या गावाच्या हवाली करणारा आणि माग शिवेच्या आत विरला तर झालेली चोरी भरून देणारा तो माणूस. इंग्रजी अमलात गडकिल्ल्यांच्या शिबंद्या मोडल्या, राखणीचे हक्क आटले आणि ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होते, त्यांचीच हजेरी सुरू झाली. आपल्या घराण्याबद्दल सांगण्यासारखी खरी गोष्ट ही आहे, तिला कागद आहे, आणि ती देवळात लावायला मला अभिमान वाटेल.

तेव्हा तात्यांना माझा निरोप असा दे. खालच्या सहा पिढ्या छापाव्यात, पणजोबांच्या नावापुढे त्यांचे काम लिहावे. देवगिरीचा उल्लेख ठेवायचाच असेल तर 'भावकीत अशी परंपरा सांगितली जाते' एवढ्याच शब्दांत तळाशी ठेवावा. ते रागावतील, पण तू आवाज चढवू नकोस. त्यांच्या मनाला लागलेले खरे आहे. आणखी एक. मसुद्यात एकाही बाईचे नाव नाही. पणजीचे नाव आणि माहेर ठाऊक असलेल्या आता फक्त इस्लामपूरच्या आक्का उरल्या आहेत. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून फोन न करता येत्या रविवारी स्वतः जा आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आण.

तुझे,
आबा