पाण्याची वाटणी शिकवणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार.

हे पत्र आपला नातू आपल्याला वाचून दाखवणार हे ठाऊक असल्यामुळे अक्षर मोठे काढण्याचा खटाटोप मी केलेला नाही. पत्र उघडे ठेवावे, म्हणजे तापीखोऱ्यातल्या इतर गावांनाही ते वाचता येईल, असे आमच्या पाणलोट गटाच्या बैठकीत ठरले आणि लिहिण्याचे काम सचिव म्हणून माझ्याकडे आले. आपण आम्हाला पैसा दिला नाही, यंत्र दिले नाही, एक टोपली मातीही उचलली नाही. वयाची ऐंशी ओलांडल्यावर आपण ती उचलावी असे कोणाच्या मनातही नव्हते. तरीही गेल्या तीन वर्षांत आमच्या गावात जे टिकले, ते आपल्या तीन दिवसांच्या मुक्कामामुळे टिकले, असे आम्ही सर्वजण मानतो.

आमचे गाव शिंदखेडा तालुक्यातले, म्हणजे सह्याद्रीच्या आडोशाला, पाऊस हात राखून पडणाऱ्या पट्ट्यातले. हवामान बदलत आहे हे सांगायला आमच्याकडे कोणा तज्ज्ञाने येण्याची गरज नव्हती. मृग कोरडा जाणे, कपाशीची दुबार पेरणी, बोंडे फुटायला आली की नेमका लागणारा पाऊस आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जाऊन बसणारा पारा, हे सारे आमच्या अंगवळणी पडले होते. समजत नव्हते ते एवढेच, की वर्षभराच्या पावसाची बेरीज बरी दिसत असूनही विहिरी होळीआधीच तळाला का जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या व्यापक घटना सुमारे तिपटीने वाढल्या आणि त्यामागे तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प आहे, असे त्यात दाखवले होते. शाळेतल्या एका गुरुजींनी तो आम्हाला मराठीत समजावून सांगितला, तेव्हा उलगडा झाला. चार महिन्यांचा पाऊस चार-सहा दिवसांत कोसळला, तर तो जमिनीत मुरण्याआधीच नाल्याने बुराई नदीत आणि बुराईतून तापीत निघून जातो.

म्हणून आम्ही कामाला लागलो. तरुण मंडळ, दोन बचत गट आणि भजनी मंडळ एकत्र आले. पहिल्या वर्षी आम्ही गावोगावी होते तेच केले: गायरानावर रोपे लावली, फोटो काढले आणि पुढच्या गुढीपाडव्याला वाळलेल्या काड्या मोजल्या. दुसऱ्या वर्षी अक्कल आली. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने टेकडीवर समपातळीच्या रेषा आखून आम्ही सलग चर खोदले. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये एका वेळी १८० लिटर पाणी थांबते आणि एका हेक्टरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, एवढे गणित पहाटे पाचला कुदळ उचलायला पुरेसे होते. नाल्यातला गाळ काढला, फुटका सिमेंट बांध दुरुस्त केला. त्या पावसाळ्यानंतर नाल्याकाठच्या विहिरींना दिवाळीपर्यंत हाताने पाणी घेता येईल एवढी पातळी आली, तेव्हा गावाने बांधावर नारळ फोडले.

आणि तिथूनच आमचे भांडण सुरू झाले.

पाणी दिसताच नाल्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी उन्हाळी कांदा लावला, एकाने केळी लावली, आणखी दोघांनी बोअर घेतले. माघ महिन्यात विहिरी पुन्हा आटल्या. नाल्याच्या खालच्या अंगाला भिल्ल वस्ती आहे. चर खोदायला सर्वांत जास्त दिवस आलेल्या बाया तिथल्याच होत्या, आणि त्या सालीही त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरला नाही. त्यांच्यापैकी एकीने मला बैठकीत सर्वांसमक्ष विचारले, की आम्ही खोदले ते कोणासाठी? मला उत्तर देता आले नाही. पुढच्या श्रमदानाला वस्तीतून कोणी आले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

हिवरे बाजार दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला, हे आम्ही वाचलेले होते. पण नगर आणि पुरंदरकडच्या गोष्टी गावात सांगू लागले की लोक म्हणत, त्यांची माती वेगळी, त्यांची माणसे वेगळी. दुरून आलेले शहाणपण खानदेशात पटकन पचत नाही, हा आमचा जुना स्वभाव. मग साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जायचे ठरले. चैत्राम पवार आणि तिथल्या ग्रामस्थांनी राखलेले जंगल आम्ही पाहिले. (पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले गेले.) परतताना आमची क्रूझर पांझरेकाठी चहाला थांबली. चहाच्या टपरीवर आमचे भांडण आमच्याबरोबर आलेलेच होते, आणि शेजारच्या बाकावर आपण बसलेले होता. आपण बराच वेळ ऐकून घेतलेत आणि एकच प्रश्न विचारलात: “तुमच्याकडे पाटकरी कोण आहे?”

आमच्यापैकी कोणालाही या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. ज्या पांझरेच्या खोऱ्यात नदीचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालली, त्याच जिल्ह्यातली आम्ही माणसे, आणि पाटकरी म्हणजे कोण हे आम्हाला आपल्याला विचारावे लागले, याची लाज मला आजही वाटते.

आपण आलात, तीन दिवस राहिलात आणि पहिला दिवस नुसते चाललात. नाला जिथे उगम पावतो तिथपासून वस्तीपर्यंत काठी टेकत आपण गेलात, तेव्हा आपल्यामागे चालणारी आमची तरुण पोरे घामाघूम झाली होती. शिवारातून आडवी जाणारी काळ्या दगडांची सरळ रांग आपण काठीने दाखवलीत आणि विचारलेत, की या भिंतीच्या खाली कोणाकोणाच्या विहिरी आहेत? लहानपणापासून आम्ही त्या रांगेवर शेळ्या चारल्या होत्या. धुळे-नंदुरबार भागात भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाच्या अशा उभ्या भिंती जमिनीत खोलवर गेलेल्या असतात आणि त्या भूजलाची वाट अडवू शकतात, हे पुढे भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी आम्हाला नकाशावर दाखवले. आपण ते कोणत्या शाळेत शिकलात, असे विचारल्यावर आपण हसलात. वरच्या अंगाच्या विहिरी भरतात आणि वस्तीची विहीर कोरडी राहते, यात कोणाचे कष्ट कमी पडले नव्हते. दगडाने आधीच वाटणी करून ठेवली होती. भर सभेत आपण हे सांगितलेत तेव्हा वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला. त्यांना कोणी चोर म्हटले नव्हते आणि पाणी आपल्या पुण्याईने आले असेही त्यांना आता म्हणता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आपण मारुतीच्या पारावर बसून फड सांगितलात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, जास्तीचे पाणी पुन्हा वाहून जाण्यासाठी सांडम आणि बागायतीचे फड. एका फडात एकच पीक. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा हे गाव दर वर्षी बसून ठरवणार, कारण नदी दर वर्षी सारखी नसते. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार. आपली बारी आली म्हणून शेतकऱ्याने आपल्या हाताने चारी फोडायची नाही. ते काम पाटकऱ्याचे. पाटकऱ्याची मजुरी खळ्यावर धान्यात, म्हणजे शिवार पिकले तर त्याचे घर पिकणार. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सरकारी नोकरीत आले आणि त्यांनी आरंभीच्या काळात धुळ्याकडे पांझरेच्या पाण्याचे काम केले, ही गोष्ट आम्ही पाठ्यपुस्तकात शिकलो होतो. त्याच पाण्याची वाटणी निरक्षर माणसे पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार करत होती, हे मात्र आम्हाला कोणी शिकवले नव्हते. ‘बिनतक्रार’ हा शब्द आपल्याला मान्य होणार नाही. भांडणे रोज होत, पण ती कालव्यावर मिटत, कोर्टात जात नसत, असे आपण म्हणाला होता.

त्या दिवशीचे आपले एक वाक्य आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घेतले आहे: “पानी कमी व्हयनं तं वाटा धाकला करा, वाटेकरी नका.”

आता त्या वाक्याचे आम्ही काय केले, ते कळवते. कोजागरीच्या आधी गाठी मारलेल्या दोरीने ठरलेल्या विहिरींची पातळी मोजली जाते आणि ती फळ्यावर लिहिली जाते. त्यावरून रब्बीत किती शिवार भिजवायचे ते ठरते. वरच्या अंगाची एक विहीर माणसे आणि जनावरे यांच्यासाठी राखून ठेवली आहे. तिच्यावर शेतीची मोटार चालत नाही आणि तिचे पाणी नळाने दगडी भिंत ओलांडून वस्तीच्या टाकीत जाते. ज्याची ती विहीर, त्या शेतकऱ्याने हे मान्य करायला दोन महिने घेतले, आणि आपण त्याच्या ओट्यावर जाऊन बसला नसतात तर त्याने दोन वर्षे घेतली असती. पातळी कमी भरली की कांदा बंद. हरभरा आणि दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, घ्यायची. दादर जमिनीतल्या ओलीवर येते, तिला पाणी जवळजवळ मागावे लागत नाही, आणि तिच्या कडब्यावर जनावरांचा उन्हाळा निघतो. आमच्या आज्यांना हे माहीत होते. मधल्या एका पिढीला कांद्याच्या भावाने ते विसरायला लावले. भाव चढला की नियम पाळणे अजूनही जड जाते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पाटकरी म्हणून आम्ही वस्तीतला एक तरुण नेमला. ज्याच्या स्वतःच्या शेताला त्या पाण्याची गरज नाही, त्याच्याच हातात चावी द्यावी, हे आपले मत आम्ही शब्दशः मानले. त्याच्याकडे शेतच नाही. पहिल्या महिन्यात दोन मोठ्या शेतकऱ्यांनी त्याचे ऐकायला नकार दिला. तेव्हा गटाने त्यांच्या बारीचे पाणी सोडायला दुसऱ्या कोणालाही पाठवले नाही. चौथ्या दिवशी दोघेही त्याच्या घरी गेले. आता त्याला सगळे “पाटकरी दादा” म्हणतात. मागल्या श्रमदानाला वस्तीतून पुन्हा बाया आल्या, आणि मला तो प्रश्न विचारणारी बाई सगळ्यांच्या पुढे होती.

सर्व काही सुरळीत आहे असे लिहिले तर आपण पत्र बाजूला ठेवाल. गेल्या वर्षी एकाने रातोरात बोअर घेतला. दंडाची पावती त्याने फाडून टाकली आणि त्याच्या मोटारीचा आवाज मला घरातून ऐकू येतो. एका कचेरीकडे आम्ही दिलेला अर्ज दीड वर्ष तसाच पडून आहे. टेकडीवरची झाडे आत्ता कुठे कमरेएवढी झाली आहेत, त्यांतली निम्मी कडुनिंबाची. आमच्या चरांमुळे अरबी समुद्र थंड होणार नाही, आणि ज्या धुरामुळे तो तापतो त्यात आमच्या गावाचा वाटा फार थोडा आहे, हेही आम्ही जाणतो. पाऊस उद्या आणखी लहरी होईल. त्या लहरीला तोंड देताना आमच्यातले कोण आधी मोडून पडणार, हे पूर्वी दगडाची भिंत आणि मोटारीचे हॉर्सपॉवर ठरवत असे. आता ते आम्ही कोजागरीला पारावर बसून, भांडून ठरवतो, आणि ही सवय आम्हाला आपण लावली, म्हणून हे आभार.

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली आहे. या गावात मी वीस वर्षांपूर्वी सून म्हणून आले. तेव्हापासून पाहत आले आहे, की आखाजीला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसायच्या आधी टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या राहत. गेल्या आखाजीला वस्तीतल्या झोक्यावर दुपारपासून गाणी सुरू होती. यंदा आपण यावे, नातवालाही आणावे. पोहोचवायला क्रूझर पाठवू.

सोबत दादरीचे एक पोते पाठवत आहे. ते भेट म्हणून नाही. खळ्यावर पाटकऱ्याचे माप काढताना या वर्षी गावाने आपलेही माप वेगळे काढले. ते आपल्या हक्काचे आहे, तेव्हा परत पाठवू नये.

आपली नम्र,
सचिव, ग्राम पाणलोट गट
तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे