लहान मुलांना उत्तर द्यायला वेळ तर द्या

संपादक महोदय, नमस्कार,

बालवाडीच्या ॲडमिशनचा सीझन आला की पालक एबीसीडी, पाढे घोकून घेतात, पण मुलाला प्रश्न कळतोय का हे कोणी बघतच नाही. आमच्या सव्वातीन वर्षांच्या नातीला विचारलं, बाबा कधी येणार, तर म्हणते "ऑफिसमधून". यात घाबरण्यासारखं काही नाही हो, मुलांना आधी काय, कोण, कुठे कळतं, का आणि कधी नंतरच. अशा वेळी "चूक!" म्हणून ओरडण्यापेक्षा "हो, ऑफिसमधून येणार, पण सकाळी की रात्री?" असं दोन पर्याय देऊन विचारलं की ती बरोबर सांगते.

दुसरं म्हणजे आपल्याला दम निघत नाही. अमेरिकेत शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये बघितलं, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबायचे, ३ सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि मोठी उत्तरं द्यायची. आपल्याकडे तर पाहुण्यांनी नाव विचारलं की आईच सांगून मोकळी! आणि मुलांनी उलट प्रश्न विचारला की "गप्प बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये". मग पुढे वर्गात हात वर कोण करणार? शाळांनी पालक मीटिंगमध्ये फीबरोबर हेही बोलावं.

– एक आजी, सातारा