घरगुती लिक्विड सोपच्या कृती वजनात छापाव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी लिक्विड सोप करण्याच्या कृती हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर छापून येतात. लादी, ओटा आणि भांडी यांसाठी लागणारा साबण घरी करता येतो हे खरे आहे आणि तो करण्यात काही वावगेही नाही. माझा आक्षेप आहे तो या कृती ज्या ढिलाईने लिहिल्या जातात त्यावर. ‘दोन वाट्या तेल आणि अर्धी वाटी कॉस्टिक’ एवढ्यावर साबण करायला सांगणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक तेलाचा साबण होण्यासाठी ठरावीक वजनाचीच अल्कली, म्हणजे कॉस्टिक, लागते आणि ते वजन तेलागणिक बदलते.

त्यातही कॉस्टिक कोणते, हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते. कॉस्टिक सोड्याने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने, घट्ट वडीचा साबण होतो. पातळ साबणासाठी कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते. एक किलो खोबरेल तेलाला शुद्ध कॉस्टिक सोडा सुमारे १८३ ग्रॅम पुरतो, तर शुद्ध पोटॅश सुमारे २५७ ग्रॅम लागते आणि विकत मिळणारे पोटॅश अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपासच शुद्ध असल्याने ते २८५ ग्रॅमपर्यंत घ्यावे लागते. आता कृतीतला हा २८५चा आकडा तसाच धरून एखाद्याने पोटॅशऐवजी कॉस्टिक सोडा घातला, तर जवळजवळ १०० ग्रॅम कॉस्टिक साबणात तसेच शिल्लक राहील आणि ते हाताची कातडी सोलून काढील. छापताना एक शब्द गाळल्याचा हा परिणाम आहे.

अल्कली नेहमी पाण्यात घालायची, अल्कलीवर पाणी ओतायचे नाही, कारण ती विरघळताना इतकी उष्णता निघते की द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे पातेले अल्कलीने झिजते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हे वेगळे सांगायला नको. तरी ते छापलेले क्वचितच दिसते.

साबण झाला की नाही हे पाहण्याची सोपी रीत मात्र कुठेच दिलेली नसते. तेल आणि अल्कलीचा शिजवलेला लगदा पांढरट न राहता पिवळसर, अर्धपारदर्शक झाला की त्यातला चिमूटभर कढत पाण्यात विरघळवून पाहावा. पाणी दुधाळ झाले तर बहुधा तेल अजून कच्चे आहे. पाणी नितळ राहिले तरी अल्कली जास्त झालेली असू शकते. त्यासाठी फिनॉल्फथॅलीनचा, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रसायनाचा, थेंब टाकावा, गडद गुलाबी रंग आला तर अल्कली उरली आहे असे समजावे.

किसलेली साबणवडी पाण्यात उकळण्याची कृती सुरक्षित आहे, पण वडीचा साबण सोडियमचा असल्याने तो थंड झाल्यावर बुळबुळीत, तार सुटणारा होतो आणि पंपाच्या बाटलीतून धड बाहेर येत नाही. शेवटी ‘पीएच संतुलित करण्यासाठी’ व्हिनेगर घालण्याचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप, त्यात ७ म्हणजे उदासीन. खऱ्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो आणि आम्ल घालून तो ७ वर आणायला गेलात तर साबणच फुटतो, तेलातली मेदाम्ले (फॅटी ॲसिड) वेगळी होऊन वर तवंग धरतात आणि सफाईचा गुण जातो. कठीण पाण्यामुळे फरशीवर साबणाचा पांढरा थर राहत असेल तर व्हिनेगरच्या पाण्याचा हात नंतर, वेगळा फिरवावा. मात्र त्याच फडक्याला वा बादलीत ब्लीच लागलेले नसावे, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

आपल्या दैनिकात यापुढे अशी कृती छापताना तेलाचे नाव, अल्कलीचे पूर्ण नाव व तिची शुद्धता आणि सर्व मापे ग्रॅममध्ये द्यावीत, तसेच तयार साबण पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत न भरता नाव लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत भरण्याची सूचना कृतीतच द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक